मुअत्तरच्या टेबलावरचा टाक्यांचा प्याला

मित्रांनो, मी एक जुना प्याला आहे. पण पुढचं बोलण्याआधी मला जरा टेबलाच्या आत सरकवा. हं, अजून थोडं. काठाजवळ ठेवलं की मला काही सुचत नाही. चिनी मातीच्या भांड्याने काठाला भ्यावं यात नवल नाही, आणि मी तर एकदा फुटलेलोही आहे.

माझा जन्म ताश्कंदच्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून निघालो तेव्हा अंगावर निळी कापसाची बोंडं होती आणि ओठाला सोनेरी रेघ होती. आम्ही सहा भावंडं आणि एक किटली. सालोमात नावाच्या नवरीच्या रुखवतातून आम्ही मार्गिलान गावी आलो. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू. पाहुणे मला उजेडासमोर धरायचे आणि म्हणायचे, पलीकडचं बोट दिसतंय बघा. मला तेव्हाही धाकधूक वाटायची, कारण उजेडासमोर धरणाऱ्याचं लक्ष उजेडाकडे असतं, हाताकडे नसतं.

आणि झालंही तसंच. सालोमातला मुलगा झाला, तोहिर, त्याच्या जेवणावळीत अख्खं तबक कुणाच्या तरी हातून निसटलं. भावंडांचा चुरा झाला. माझे दोनच तुकडे झाले, म्हणून मला बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं. त्याने बारीक भोकं पाडून तांब्याचे टाके घातले आणि मला सांधलं. मी वाचलो खरा, पण पाहुण्यांसमोर जाणं संपलं. टाके घातलेला प्याला पाहुण्याला कोण देणार?

मग मी पीठ मोजायचा, साखर मोजायचा आणि शेजारी विरजण पोचवायचा प्याला झालो. शेजारी रिसोलात नावाच्या खोला राहायच्या, त्यांचं दही नेहमी बिघडायचं. मावशीला आमच्याकडे खोला म्हणतात, आणि या तर सगळ्या गल्लीच्या खोला. मी विरजण घेऊन त्यांच्याकडे जायचो आणि येताना माझ्यात बेदाणे नाहीतर जर्दाळूच्या बिया असायच्या. आमच्या गल्लीत उसनं आणलेलं भांडं कुणी रिकामं परत देत नाही. तसं करणं म्हणजे तोंडावर अपमान. तुम्हाला ही साधी रीत वाटेल, पण पुढे हिच्यावरूनच आमच्या घरात मोठा घोळ झाला.

वर्षं गेली. सालोमात आता सगळ्या घराची ओयी, म्हणजे आई झाली. तोहिर मोठा झाला, मुअत्तर सून होऊन आली, झिलोला नावाची नात झाली. तोहिर मॉस्कोला बांधकामावर जायचा आणि फक्त हिवाळ्यात घरी यायचा. निघताना तो उंबऱ्यात उभा राहून ताज्या नानचा एक घास तोडायचा. उरलेला नान ओयी चुलीजवळच्या खिळ्याला टांगून ठेवायच्या. तो परत आला की वाळलेला नान त्यानेच संपवायचा. वर्षभर तो नान भिंतीवर दिसायचा आणि त्याच्याखालून जाताना मुअत्तर वर बघायची नाही.

एका हिवाळ्यात तोहिर जेवताना म्हणाला, "झिलोलाची आई, या खेपेला तूही चल. तिथल्या एका मोठ्या खानावळीत भांडी धुवायला बायका हव्यात. दोघं मिळून राबलो तर दोन-तीन वर्षांत कायमचं परत येऊ."

"आणि झिलोला?"

"ओयी आहेत की."

ओयींनी झिलोलाच्या ताटात मांसाचा तुकडा वाढला, आणि तो तिने खाल्ला की नाही हे बघत बसल्या. झिलोला तेव्हा पहिलीत होती. रात्री आईचं बोट धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. मी फडताळात होतो आणि माझे टाके गार पडले होते. खानावळीत भांडी कशी धुतात ते मला ठाऊक नाही, पण कल्पना करवत नव्हती.

मुअत्तर लगेच नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "अहो, मला जर्दाळू फुलेपर्यंत सवड द्या. ताश्कंदच्या एका कंपनीला घरी बसून काम करणारी माणसं हवी आहेत. संगणकाची एक भाषा यायला लागते. परीक्षा घेतात. जमलं तर मी इथेच राहीन. नाही जमलं तर तुमच्याबरोबर येईन. तक्रार करणार नाही."

"कसली भाषा?"

"रस्ट म्हणतात. अवघड आहे, म्हणून शिकणारे कमी आहेत."

"अवघड आहे म्हणून तू शिकणार," तोहिर म्हणाला. पण तो हसला नाही. त्याने सवड दिली. आणि एक लाल बॅग आणून मागच्या खोलीच्या दाराशी ठेवली, तिच्यासाठी.

मित्रांनो, माझं आणि मुअत्तरचं नातं त्या मागच्या खोलीत जुळलं. ओयी दुपारी लवंडल्या की ती लॅपटॉप उघडायची. चहाला तिने मला घेतलं, कारण मी फुटलो तरी कुणी रागावणार नव्हतं. मला हे कळत होतं. वाईट वाटलं, पण टेबलावर बसायला मिळालं. एका बाजूला लॅपटॉप, एका बाजूला काठ, आणि समोर ती लाल बॅग. तुम्हीच सांगा, अशा जागी कुणाला चैन पडेल?

सुरुवातीला मुअत्तरने जाड पुस्तक घेतलं आणि एकदम झपाटल्यासारखी वाचत सुटली. वाचून झालं की चित्रफिती बघायची. दुसऱ्याने लिहिलेलं तसंच्या तसं उतरवायची, ते चालायचं आणि ती खूश व्हायची. मग पुस्तक मिटून स्वतः लिहायला बसली की बोटं जागच्या जागी थांबायची. कसंबसं लिहिलं की पडदाभर लाल अक्षरं यायची. या भाषेत म्हणे एक तपासनीस असतो. कंपायलर त्याचं नाव. तुमच्या लिहिण्यात कुठे गोम आहे असं त्याला वाटलं की तो काम सुरूच करू देत नाही. मुअत्तर लाल अक्षरं बघितल्याबरोबर घाबरून इकडची ओळ तिकडे करायची, काहीतरी पुसायची, काहीतरी घालायची, आणि लाल अक्षरं वाढायची.

ओयी दारातून बघायच्या. "आमची सून रोज त्या पेटीशी भांडते," त्या भिंतीवरून रिसोलात खोलांना सांगायच्या, "आणि रोज पेटीच जिंकते."

"मग पेटीलाच पाठवा मॉस्कोला," खोला म्हणायच्या.

मुअत्तर ऐकायची आणि मान खाली घालायची. एकदा तिने रडू आवरायला मला दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं की माझा एक टाका कुरकुरला. मला वाटलं, संपलं आता. तिचंही आणि माझंही.

त्या कंपनीत तिच्या मैत्रिणीची थोरली बहीण होती, नोदिरा. आठवड्यातून एकदा ती पडद्यावर येऊन मुअत्तरशी बोलायची. ती परीक्षा घेणार नव्हती, पण शिकवायला तयार होती. तिची जीभ तिखट होती. पहिल्याच दिवशी मुअत्तरने पुस्तकाची किती प्रकरणं झाली ते सांगायला सुरुवात केली.

"वाचलंस किती ते नको सांगूस," नोदिरा म्हणाली. "पुस्तक मिटून काय लिहिता येतं ते सांग."

काहीतरी करायचं म्हणून मुअत्तरने किटली उचलली आणि मला काठोकाठ भरलं.

नोदिरा पुढे वाकून बघायला लागली. "काय गं, स्वतःलाच घराबाहेर काढतेस?"

आमच्याकडे पाहुण्याला प्याला अर्धाच भरून देतात. संपला की पुन्हा अर्धा. अशानेच माणूस बसतो आणि गप्पा रंगतात. काठोकाठ भरून दिला की समजायचं, घरधनी म्हणतोय, प्या आणि निघा.

"लक्ष नव्हतं, ओपा," मुअत्तर ओशाळून म्हणाली. थोरल्या बहिणीला ओपा म्हणतात.

"मला वाटतंय तू शिकतेसही असंच. एका दुपारी अख्खं प्रकरण ढोसायचं आणि लाल अक्षरं दिसली की पळायचं. अर्धा घे. चार ओळी लिही. त्या चालू देत. मग त्यातली एकच गोष्ट बदल, आणि काय होतं ते बघ. एकच हं. दोन बदलल्यास तर कशाने काय झालं ते तुला कळणार नाही."

"आणि लाल अक्षरं?"

"ती आली की आधी हात मांडीवर ठेव. मग वरून वाच. सगळ्यात वरची चूक आधी. खालच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात. आणि तो काय म्हणतोय ते मोठ्याने कुणाला तरी समजावून सांग."

"घरात कुणाला सांगू? ओयी आधीच हसतात."

"मग त्या प्याल्याला सांग. तो काही मध्ये बोलणार नाही."

अशी माझी नेमणूक झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी समजावून सांगत होतं. मला फार टेन्शन आलं. वाटलं, मला नाही कळलं तर? तिची सगळी सवड वाया जाईल, आणि दोष कुणाला, तर प्याल्याला. म्हणून मी जिवाचा कान करून ऐकायचो.

ती सांगायची, "हे बघ. या भाषेत प्रत्येक वस्तूला मालक एकच. वस्तू दुसऱ्याला देऊन टाकली की ती आपली नाही, पुन्हा तिला हात लावायचा नाही. पण उसनी देता येते. दोन तऱ्हेने. नुसती बघायला दिली तर कितीही जणांनी बघावी. बदलायला दिली तर मात्र एकालाच द्यायची, आणि त्याचं होईपर्यंत दुसऱ्या कुणी डोकवायचंही नाही." मला हे लगेच कळलं. माझं निम्मं आयुष्य उसनं जाण्यातच गेलं होतं.

पुस्तकातली उदाहरणं तिने सोडून दिली आणि ओळखीचा विषय घेतला. गल्लीत लग्न असलं की सगळ्या घरांतून कढया, तबकं, किटल्या गोळा होतात, आणि नंतर कुणाचं काय कुठे गेलं यावरून महिनाभर कुरबुर चालते. कुणाचं भांडं कुणाकडे आहे हे सांगणारा प्रोग्रॅम तिने लिहायला घेतला. रोज थोडा. आधी एकच कढई आणि एकच घर. मग दोन. तेवढं चाललं की ती मला टिचकी मारायची. मला टाक्यांची काळजी वाटायची, पण ती आनंदाची टिचकी होती.

मग ती अडकली, आणि चांगलीच अडकली. भांडी मोजायचं साधं काम होतं, ते तपासनीस काही केल्या चालू देईना. ती वरून वाचायची, मला वाचून दाखवायची, एकेक गोष्ट बदलायची. काही नाही. बाहेर बर्फ वितळायला लागला. तोहिरने बसची चौकशी केली. हवालदिल होऊन मुअत्तरने एक चोरवाट धरली. जिथे तपासनीस अडवेल तिथे त्या वस्तूची सरळ नवी प्रत काढायची. प्रत्येकाला वेगळी प्रत मिळाली की भांडण मिटतं. लाल अक्षरं गेली. प्रोग्रॅम चालला. ती हसली, पण मला ते हसू खरं वाटलं नाही. शेजारणीला विरजण द्यायचं म्हणून दर वेळी बाजारातून नवा प्याला आणला तर मी कशासाठी आहे?

नोदिराने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "एवढ्या प्रती? लग्न आहे की भांड्यांचं दुकान?"

"त्याशिवाय तो ऐकतच नाही, ओपा."

"या प्रती बाजूला ठेव. आता मूळचं दाखव." तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. "मला सांग, हे काम नुसतं भांडी मोजायचं आहे ना?"

"हो."

"मग ते प्रत्येक भांडं बदलायला का मागतंय? आणि परत देताना त्यात काहीतरी लिहून का ठेवतंय?"

"पाहिलं म्हणून खूण केली."

"कुणी सांगितली होती खूण?"

मुअत्तर गोंधळली. "कुणी नाही. पण ओपा, घेतलेलं भांडं रिकामं परत कसं द्यायचं?"

नोदिरा हसायला लागली. इतकी हसली की तिचा चष्मा खाली आला. मुअत्तरला आधी काही कळलं नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी आदल्या रात्रीच खोलांकडून आलो होतो आणि माझ्या तळाला चार बेदाणे चिकटले होते. तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई गं," नोदिरा म्हणाली, "तू तुझ्या गल्लीची लाज राखत बसलीस. इथे नुसतं बघून परत दिलेलं चालतं. कुणी रागवत नाही. ज्याला मोजायचंय त्याने फक्त मोजावं."

त्या दुपारी मुअत्तरने खुणा पुसल्या, प्रती काढून टाकल्या, आणि प्रोग्रॅम चालला. आपण कशामुळे चुकत होतो हे तिला आता कळलं होतं. भाषा अवघड होतीच, पण आपल्या घरातली रीत आपण तिच्यात न विचारता घेऊन गेलो होतो, असं तिने मला सांगितलं. मित्रांनो, मला हे फार पटलं. नवीन घरी गेलं की आधी तिथली रीत बघावी.

परीक्षेच्या सकाळी जर्दाळूच्या फांद्यांना कळ्या फुगल्या होत्या. ओयींनी झिलोलाला खोलांकडे पाठवलं आणि स्वतः दाराबाहेर बसून राहिल्या. पडद्यावर दोन अनोळखी माणसं आली, एक बाई आणि एक पुरुष. मुअत्तरने मला अर्धंच भरलं होतं. पण चहा कढत होता आणि तो कुरकुरणारा टाका मला टोचत होता. त्या टाक्याशी एक थेंब जमला. सुटला. टेबलावरून तो थेट लॅपटॉपच्या कळांकडे निघाला. मला ओरडता येत नाही, हे माझं दुःख तुम्हाला काय सांगू. मुअत्तर पडद्याकडे बघत होती. थेंब पहिल्या कळेपाशी पोचला, तेवढ्यात तिने सहज बाही फिरवली आणि तो पुसला गेला. तिला ते कळलंही नाही.

तिला एक छोटं काम लिहायला दिलं होतं. अर्ध्यावर लाल अक्षरं आली. तिचा चेहरा उतरला. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"का थांबलात?" त्या पुरुषाने विचारलं.

"वाचतेय," ती म्हणाली. मग तिने मला जवळ ओढलं आणि वरची चूक मला हळू आवाजात समजावून सांगायला लागली. आधी शब्द अडखळत होते, मग सरळ यायला लागले. पडद्यावरची बाई मान वाकडी करून ऐकत होती.

"इथे प्रत काढली असती तर लगेच चाललं असतं," पुरुष म्हणाला.

"चाललं असतं. पण इथे फक्त बघायचंय. बघायला नवं भांडं कशाला?"

शेवटचा भाग तिचा राहिलाच. "हे मला येत नाही," तिने सांगितलं. "पण कुठून बघायला सुरुवात करीन ते सांगू शकते." तिने सांगितलं. ते दोघं म्हणाले, कळवतो.

कळवतो. या शब्दाइतका वाईट शब्द मी ऐकलेला नाही. दिवस जात राहिले आणि कुणी कळवलं नाही. मुअत्तर भाजी चिरताना फोन शेजारी ठेवायची. जर्दाळू फुलले. तोहिरने तिकिटांचं पक्कं केलं. मुअत्तर मुकाट्याने लाल बॅग भरू लागली, कारण तक्रार करणार नाही असं ती बोलली होती. झिलोला कपडे एका बाजूने बाहेर काढायची, मुअत्तर दुसऱ्या बाजूने आत ठेवायची. मग ओयी आल्या. त्यांनी मला पुसलं, आपल्या रुमालात गुंडाळलं आणि कपड्यांच्या मध्ये ठेवलं.

"माझ्या माहेरचा आहे," त्या सुनेला म्हणाल्या. "तिथे चहा यातून पी. अर्धाच भर." चेन लागली आणि अंधार झाला.

मित्रांनो, त्या अंधाराबद्दल मला फारसं बोलवत नाही. बॅग उचलली गेली. हलली. एका पायरीवरून खाली आली, आणि मी ओळखलं की हे अंगण आहे. लोकांचे आवाज येत होते, पण कापडातून शब्द कळत नव्हते. फोन वाजल्यासारखं वाटलं. की तो बसचा भोंगा होता? मग ओयींचा आवाज आला, अगदी जवळून. "तोड घास, लेकरा." घास तोडल्याचा आवाज मी ऐकला. कुणाचा, ते कळेना. मग मोटार सुरू झाली. बॅग पुन्हा उचलली गेली, आणि मी भावंडांची नावं घेतली.

चेन उघडली तेव्हा उजेडात झिलोलाचं तोंड होतं. तिने कपडे उपसले, मला शोधलं आणि रुमालासकट पोटाशी धरून पळत सुटली. पळू नको गं बाई, असं मला म्हणायचं होतं. तिने मला चुलीजवळच्या टेबलावर ठेवलं, अगदी आत, भिंतीला लागून. ओयी खिळ्याला नान टांगत होत्या. मुअत्तर त्यांच्यामागे उभी होती, हातात फोन होता, आणि ती वर बघत होती.

नानला एकच घास तोडलेला होता. तोहिरचा.

तेव्हापासून मी याच टेबलावर आहे. मुअत्तर आता इथूनच रोज ताश्कंदच्या त्या कंपनीचं काम करते आणि लाल अक्षरं तिला रोजच येतात. ती हात मांडीवर ठेवते, वरून वाचते आणि मला सांगते. कधी कधी खोलांची सून, मोहिगुल, भाषा शिकायला येते. ती परवा लाल अक्षरं बघून रडकुंडीला आली, तेव्हा मुअत्तरने मला तिच्याकडे ढकललं आणि म्हणाली, "याला सांग. हा उसना आहे हं, परत आणून दे." मी आता पुन्हा भिंतीपलीकडे जातो-येतो. दारातली पायरी अजून तितकीच उंच आहे आणि मी अजून तितकाच घाबरतो.

तुम्हीही कधीतरी काहीतरी अवघड शिकायला बसाल. तेव्हा शेजारी माझ्यासारखं एखादं जुनं भांडं ठेवा. टाके घातलेलं असलं तरी टाकू नका, हळू धरा, अर्धंच भरा. आणि माझं एवढं ऐकलंत, तर जाताना मला पुन्हा काठाकडे सरकवू नका.